शेअर्ड होस्टिंगवर मीडियाविकीचे इन्स्टॉलेशन वारंवार फसते तेव्हा

शेअर्ड होस्टिंगवर (अनेक संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या सेवेवर) मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, बसवण्याचा पहिला प्रयत्न फसला की बहुतेक जण एकच मार्ग धरतात: फोल्डर पुसून टाकायचे, सगळ्या फायली पुन्हा चढवायच्या आणि इन्स्टॉलर पहिल्या पानापासून पुन्हा चालवायचा. मीही तेच केले होते. आमच्या अभ्यासगटासाठी विकी उभारताना सलग तीन प्रयत्नांत ब्राउझरमध्ये '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' हाच संदेश आला आणि अडचण एकच आहे असे मी तिन्ही वेळा धरून चाललो. प्रत्यक्षात प्रत्येक वेळचे कारण वेगळे होते. पहिल्या वेळी जुन्या संकेतस्थळावरून उचललेल्या, सर्व्हरला फोल्डरपुरत्या सूचना देणाऱ्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमधील एक ओळ सर्व्हरला समजत नव्हती. दुसऱ्या वेळी, पहिली अडचण सुटावी म्हणून मी फोल्डरांना दिलेल्या जास्तीच्या परवानग्या आड आल्या. तिसऱ्या वेळी आधीच्या दोन प्रयत्नांच्या प्रती खात्यात तशाच राहिल्यामुळे जागा संपली आणि नव्या फायली अर्धवट उलगडल्या गेल्या.

म्हणजे तीनपैकी दोन कारणे आधीच्या प्रयत्नांनीच निर्माण केली होती. या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच गोष्टीकडे. फसलेला प्रयत्न मागे डेटाबेसमधले अर्धवट तक्ते, जुनी मांडणी-फाइल, बदललेल्या परवानग्या किंवा भरलेली जागा असे काहीतरी ठेवून जातो, आणि ते साफ न करता केलेला पुढचा प्रयत्न वेगळ्याच ठिकाणी अडकतो. म्हणून पुन्हा सुरुवात करण्याआधी गाडी नेमकी कुठे अडली हे शोधणे आवश्यक आहे.

आधी अडचणीची जागा ठरवा

५०० हा आकडा फक्त एवढेच सांगतो की सर्व्हरच्या बाजूला काहीतरी बिघडले. काय बिघडले ते तो सांगत नाही. ते एरर लॉगमध्ये लिहिलेले असते. बहुतेक होस्टिंग खात्यांच्या नियंत्रण पॅनलमध्ये 'एरर्स' किंवा 'एरर लॉग' या नावाचा विभाग असतो, आणि काही सर्व्हरांवर ज्या फोल्डरमध्ये चूक घडली त्याच फोल्डरमध्ये 'एरर_लॉग' नावाची फाइल तयार होते. ब्राउझरमध्ये पान पुन्हा उघडावे, लगेच लॉगची शेवटची ओळ वाचावी आणि तिची वेळ आत्ताच्या वेळेशी जुळते का ते पाहावे. सर्व्हरचे घड्याळ वेगळ्या वेळपट्ट्यात असू शकते हे ध्यानात ठेवावे, कारण जुनी ओळ नवी समजून तिच्यावर उपाय करण्यात तास निघून जातात.

लॉग हाती लागत नसेल किंवा रिकामा असेल, तर एक साधी परीक्षा करता येते. विकीच्या फोल्डरमध्ये एक ओळ मजकूर असलेली साधी एचटीएमएल फाइल ठेवावी आणि तिच्या शेजारी तेवढाच मजकूर छापणारी एक पीएचपी (मीडियाविकी ज्या भाषेत लिहिले आहे ती) फाइल ठेवावी. एचटीएमएल फाइल उघडतानाही ५०० आला, तर दोष जवळजवळ नक्कीच एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये आहे, त्या फोल्डरच्या किंवा त्याच्या वरच्या फोल्डरच्या. एचटीएमएल उघडले पण पीएचपी उघडले नाही, तर पीएचपीची जोडणी किंवा परवानग्या तपासाव्यात. दोन्ही उघडले आणि केवळ विकी उघडत नसेल, तर कारण मीडियाविकीच्या फायलींत, पीएचपीच्या आवृत्तीत किंवा पीएचपीच्या एखाद्या अनुपस्थित विस्तारात (जोडभागात) आहे. ही परीक्षा दोन मिनिटांत होते आणि शोधाचे क्षेत्र एकदम आकसते. मला ती पहिल्याच दिवशी माहीत असती तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

एचटीअ‍ॅक्सेस आणि पीएचपीची आवृत्ती

एचटीअ‍ॅक्सेस ही फाइल लहान असली तरी शेअर्ड होस्टिंगवरच्या अडचणींचे सर्वांत मोठे मूळ तीच आहे, त्यामुळे तिच्याकडे सविस्तर पाहिले पाहिजे.

पूर्वी पीएचपी हे अपॅची सर्व्हरच्या आतच एक मोड्यूल म्हणून चालत असे, आणि तेव्हा मेमरीची मर्यादा वगैरे 'पीएचपी_व्हॅल्यू' या आज्ञेने एचटीअ‍ॅक्सेसमधून बदलता येत असे. आज बहुतेक शेअर्ड सर्व्हरांवर पीएचपी वेगळ्या प्रक्रियेत, म्हणजे फास्टसीजीआय किंवा एफपीएम पद्धतीने चालते. अशा ठिकाणी अपॅचीला ही आज्ञा ओळखता येत नाही, आणि न ओळखता आलेल्या एका ओळीसाठी तो संपूर्ण फोल्डर बंद करून ५०० दाखवतो. लॉगमध्ये 'इनव्हॅलिड कमांड' असे शब्द दिसले तर हेच समजावे. 'ऑप्शन्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींचेही तसेच आहे: होस्टने ती मुभा दिलेली नसेल तर लॉगमध्ये 'नॉट अलाउड हिअर' असा उल्लेख येतो आणि ती ओळ काढल्यावर पान उघडते. मीडियाविकीच्या स्वतःच्या 'इमेजेस' फोल्डरमध्येही एक एचटीअ‍ॅक्सेस फाइल असते. मुख्य पान नीट उघडते पण चित्रे मात्र दिसत नाहीत, अशा वेळी ती तपासावी. मात्र चढवलेल्या फायलींचे संरक्षण करणारे नियम त्याच फाइलमध्ये असल्यामुळे ती समूळ पुसू नये. अडणारी ओळ तेवढी निष्क्रिय करावी.

मेमरी वाढवायची असेल तर फास्टसीजीआय व एफपीएमवर त्यासाठी 'यूजर.आयएनआय' ही फाइल असते, आणि तिच्या नावाच्या आधी टिंब असते. येथे एक बारीक गोष्ट आहे, जी अनेकांना फसवते. ही फाइल पीएचपी प्रत्येक वेळी नव्याने वाचत नाही. मूळ मांडणीनुसार ती ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे, जुनीच प्रत वापरत राहते. बदल केल्यावर लगेच पान उघडून 'काही फरक पडला नाही' असा निष्कर्ष काढू नये.

पीएचपीच्या आवृत्तीबद्दलचा घोळ याहून सूक्ष्म आहे. मीडियाविकी १.३५ ला पीएचपी ७.३.१९, १.३९ ला ७.४.३ आणि १.४३ ला ८.१ ही किमान आवृत्ती लागते. आवृत्ती कमी पडली तर मीडियाविकी तसे स्पष्ट वाक्यात सांगते, त्यामुळे ते ओळखणे अवघड नाही. अवघड जाते ते हे समजणे, की काल बरोबर असलेली आवृत्ती आज कमी कशी झाली. सीपॅनलसारख्या पॅनलमध्ये एखाद्या संकेतस्थळासाठी पीएचपीची आवृत्ती निवडली की ती निवड बहुधा त्या स्थळाच्या मूळ फोल्डरमधील एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्येच काही ओळींच्या रूपाने लिहिली जाते. पुन्हा इन्स्टॉल करण्यासाठी आपण फोल्डर रिकामे केले, किंवा आपली तयार एचटीअ‍ॅक्सेस फाइल त्या जागी ठेवली, की या ओळीही जातात आणि सर्व्हर त्याच्या ठरलेल्या, कदाचित जुन्या आवृत्तीवर परत येतो. याच्या उलट, दुसऱ्या होस्टवरून आणलेल्या फाइलमध्ये इथे उपलब्धच नसलेल्या पीएचपीचा उल्लेख असेल तर पान उघडण्याऐवजी पीएचपीची फाइल जशीच्या तशी संगणकावर उतरू लागते. दोन्ही वेळा उपाय एकच: पॅनलमध्ये जाऊन आवृत्ती पुन्हा निवडावी, म्हणजे त्या ओळी नव्याने लिहिल्या जातील.

नवी आवृत्ती नेहमीच चांगली असेही नाही. पीएचपी ८.० मध्ये काही जुनी फंक्शन्स कायमची काढली गेली, त्यामुळे खूप जुनी विकी नव्या पीएचपीवर रिकामे पांढरे पान दाखवू शकते. ज्यांच्याकडे एसएसएचची (सर्व्हरवर दुरून कमांड चालवण्याची) सोय आहे त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की कमांड लाइनवर दिसणारी पीएचपीची आवृत्ती आणि संकेतस्थळ वापरत असलेली आवृत्ती या शेअर्ड सर्व्हरवर अनेकदा वेगळ्या असतात. खरी आवृत्ती पाहायची तर 'पीएचपीइन्फो' छापणारी फाइल ब्राउझरमधूनच उघडावी, आणि काम झाल्यावर ती फाइल लगेच पुसावी. त्याच पानावर एमबीस्ट्रिंग, इंटल, एक्सएमएल आणि फाइलइन्फो हे विस्तार चालू आहेत का तेही दिसते. यांपैकी इंटल हा विस्तार अनेक खात्यांवर सुरुवातीला बंद असतो.

परवानग्या आणि फायली चढवणे

काही चालेना की सगळ्यांना ७७७ परवानगी (वाचणे, लिहिणे, चालवणे सर्वांना खुले) द्या, हा सल्ला फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. सूएक्झेक किंवा सूपीएचपी (पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावाने चालवणाऱ्या प्रणाली) वापरणारा सर्व्हर इतरांना लिहिता येईल अशी पीएचपी फाइल किंवा तसे फोल्डर दिसले की सुरक्षेसाठी ती फाइल चालवण्यासच नकार देतो आणि ५०० दाखवतो. फोल्डरांना ७५५ आणि फायलींना ६४४ (लिहिण्याचा अधिकार फक्त मालकाला) पुरेशी असते. जिथे पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावाने चालते, तिथे चित्रे साठवण्यासाठीही वेगळी परवानगी लागत नाही.

मीडियाविकीत हजारो लहान फायली असतात. त्या एफटीपीने एकेक करून चढवताना जोडणी मध्येच तुटते आणि काही फायली शून्य आकाराच्या राहतात, ज्या यादीत दिसतात म्हणून आपण त्या पोहोचल्या असे मानतो. त्याऐवजी संपूर्ण संकुचित फाइल एकदाच चढवून पॅनलच्या फाइल मॅनेजरमध्ये उलगडावी. उलगडण्यापूर्वी खात्यात जागा किती शिल्लक आहे आणि फायलींच्या संख्येची मर्यादा किती आहे हे दोन्ही पाहावे. जागा असूनही संख्येची मर्यादा संपल्यामुळे नव्या फायली तयार होत नाहीत, असेही घडते. 'क्लास नॉट फाउंड' ही त्रुटी दिसली तर बहुतेक वेळा फायली अपुऱ्या आहेत. आणि बाह्य अवलंबनांची (इतरांच्या जोड-कोडची) व तो आणणाऱ्या कंपोझर या साधनाची मागणी करणारा संदेश आला, तर आपण अधिकृत संकुचित फाइलऐवजी गिटमधील मूळ कोड उतरवला आहे. त्यात 'व्हेंडर' फोल्डर नसते. शेअर्ड होस्टिंगवर कंपोझरशी झगडण्यापेक्षा अधिकृत फाइल घेणे केव्हाही बरे.

डेटाबेसशी जोडणी

इन्स्टॉलर उघडला, भाषा निवडली आणि डेटाबेसच्या पानावर गाडी अडली, तर त्रुटीचा क्रमांक वाचावा. १०४५ म्हणजे वापरकर्त्याचे नाव किंवा संकेतशब्द चुकला. त्या ओळीच्या शेवटी 'यूजिंग पासवर्ड' पुढे 'नो' असेल तर संकेतशब्द पाठवलाच गेला नाही, आणि 'येस' असेल तर पाठवला गेला पण तो जुळला नाही. १०४४ म्हणजे नाव आणि संकेतशब्द बरोबर आहेत, परंतु त्या वापरकर्त्याला त्या डेटाबेसवर अधिकार नाहीत. पॅनलमध्ये डेटाबेस तयार करणे, वापरकर्ता तयार करणे आणि वापरकर्त्याला डेटाबेसशी जोडून सर्व अधिकार देणे ही तीन वेगळी कामे आहेत, आणि तिसरे काम हमखास राहून जाते.

नावांच्या आधी खात्याचे नाव आणि अधोरेषा लावली जाते हेही विसरू नये. पॅनलमध्ये आपण 'विकी' एवढेच लिहिले असले तरी इन्स्टॉलरमध्ये पूर्ण नाव द्यावे लागते. इन्स्टॉलर स्वतः नवा डेटाबेस किंवा नवा वापरकर्ता तयार करू पाहील, पण शेअर्ड खात्याला तो अधिकार सहसा नसतो. म्हणून दोन्ही आधीच पॅनलमध्ये तयार करावेत आणि इन्स्टॉलेशनसाठी दिलेलेच खाते पुढेही वापरण्याचा पर्याय कायम ठेवावा.

२००२ ही त्रुटी वेगळ्या जातीची आहे. तिथे सर्व्हरपर्यंत पोहोचताच आलेले नसते. 'लोकलहोस्ट' लिहिल्यावर मायएसक्यूएल त्याच यंत्रावरील सॉकेट फाइल शोधते, आणि १२७.०.०.१ लिहिल्यावर नेटवर्कच्या मार्गाने जाते. एक चालत नसेल तर दुसरे लिहून पाहावे. काही होस्ट डेटाबेससाठी वेगळाच सर्व्हर ठेवतात. त्याचे नाव पॅनलच्या डेटाबेस पानावर दिलेले असते.

तक्ते अर्धवट तयार होतात तेव्हा

तक्ते तयार करताना वेळेची मर्यादा संपली, बहुतेक ठिकाणी ती ३० सेकंदांची असते, तर काही तक्ते तयार होतात आणि बाकीचे राहतात. पुढच्या प्रयत्नात इन्स्टॉलरला हे तक्ते दिसतात, तो ही जुनी विकी आहे असे समजतो आणि अद्ययावत करण्याचा प्रस्ताव मांडतो. तो स्वीकारू नये. विकीत अजून काही मजकूर नसेल, तर पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये जाऊन ते सगळे तक्ते पुसावेत आणि मग इन्स्टॉलर चालवावा. त्याच डेटाबेसमध्ये दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरचे तक्ते असतील, तर पुसण्यापूर्वी प्रत घेणे अनिवार्य आहे, आणि यापुढे विकीच्या तक्त्यांना वेगळा उपसर्ग द्यावा.

इतर काही विकी सॉफ्टवेअर किंवा जुने विस्तार बसवताना १०७१ ही त्रुटी येते, जी सांगते की सूचीची (इंडेक्सची) लांबी ७६७ बाइटांपेक्षा जास्त झाली. २५५ चिन्हांच्या रकान्याला यूटीएफ८एमबी४ या अक्षरसंकेतात प्रत्येकी ४ बाइट धरून १०२० बाइट लागतात, म्हणून ती मर्यादा ओलांडली जाते. डेटाबेसच्या नव्या आवृत्तीत डायनॅमिक प्रकारच्या तक्त्यांना ही मर्यादा ३०७२ आहे, त्यामुळे होस्टकडे नवी आवृत्ती मागणे हा खरा उपाय. मीडियाविकीच्या पानाच्या शीर्षकालाही २५५ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून काना, मात्रा आणि वेलांट्या स्वतंत्र मोजून शीर्षकात ८५ चिन्हेच बसतात. मराठी विकी उभारणाऱ्याने हे आरंभीच जाणून घ्यावे.

इन्स्टॉलर पुढे जाण्याऐवजी पुन्हा पुन्हा भाषा निवडण्याच्या पानावर येत असेल, किंवा सत्राची माहिती हरवल्याचे सांगत असेल, तर डेटाबेसमध्ये शोधत बसू नये. इन्स्टॉलर आपली प्रगती पीएचपीच्या सत्रात (सेशनमध्ये) ठेवतो आणि सत्र साठवण्याच्या फोल्डरमध्ये लिहिता येत नसल्याचे हे लक्षण आहे. सत्राचा मार्ग आपल्या खात्यातील, पण संकेतस्थळाच्या बाहेरच्या, एखाद्या फोल्डरकडे वळवावा. संपलेली जागाही हेच लक्षण दाखवते.

लोकलसेटिंग्ज

शेवटी इन्स्टॉलर लोकलसेटिंग्ज.पीएचपी ही फाइल उतरवायला देतो. ती इंडेक्स.पीएचपी ज्या फोल्डरमध्ये आहे तिथेच ठेवायची असते, 'एमडब्ल्यू-कॉन्फिग'मध्ये नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात ब्राउझर उतरवलेल्या फाइलच्या नावापुढे कंसात आकडा जोडतो. त्या नावाने चढवलेली फाइल मीडियाविकीला दिसत नाही आणि मीडियाविकी 'आधी विकीची मांडणी करा' असेच सांगत राहते. घाईत आधीच्या प्रयत्नाची फाइल चढवली, तर तिच्यात जुना संकेतशब्द असतो आणि आपण पुन्हा १०४५ कडे परततो. त्यामुळे उतरवलेल्या जुन्या प्रती आधी पुसाव्यात.

फाइल हाताने बदलताना ती बीओएम (फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण) नसलेल्या यूटीएफ-८ मध्ये जतन करावी. सुरुवातीला आलेल्या तीन अदृश्य बाइटांमुळे 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही त्रुटी येते आणि लॉग-इन होत नाही. संकेतशब्दात डॉलरचे चिन्ह असेल तर तो दुहेरी अवतरणात न लिहिता एकेरी अवतरणात लिहावा.

ही फाइल जागेवर नसताना इन्स्टॉलर उघडा राहतो आणि तो पत्ता सापडलेला कोणीही तुमच्या जागेवर स्वतःची विकी उभारू शकतो. काम उद्यावर टाकायचे असेल, तर फोल्डरला पॅनलमधून संकेतशब्द लावूनच उठावे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण अर्धवट सोडलेली विकी रात्रभर उघडी राहण्यातला धोका फारच थोड्यांच्या ध्यानात येतो.

मुखपृष्ठ उघडले पण ते रंगरूपाविना, नुसत्या मजकुरासारखे दिसत असेल, तर लोड.पीएचपी ही फाइल थेट उघडून पाहावी. तिथे ४०३ आला तर सर्व्हरवरील सुरक्षा नियम आड येत आहेत आणि होस्टला तो नियम शिथिल करण्यास सांगावे लागेल. पान अखंड फिरत राहत असेल, तर लोकलसेटिंग्जमधील सर्व्हरचा पत्ता आणि प्रत्यक्ष पत्ता यांत एचटीटीपीएसचा किंवा सुरुवातीच्या तीन डब्ल्यूंचा फरक आहे. रिकामे पांढरे पान आले तर त्याच फाइलमध्ये अपवादांचे तपशील दाखवणारी ओळ तात्पुरती चालू करावी.

होस्टला लिहिताना 'विकी चालत नाही' एवढेच लिहू नये. पानाचा पत्ता, वेळ, लॉगमधील ओळ जशीच्या तशी, पीएचपीची आवृत्ती आणि वर सांगितलेल्या दोन फायलींच्या परीक्षेचा निष्कर्ष एकाच पत्रात द्यावा. मला पूर्वी मिळणारी उत्तरे ठरावीक साच्याची असत. हे तपशील दिल्यावर त्याच दिवशी नेमका नियम सांगणारे उत्तर आले.

सगळे सुरळीत झाल्यावर देवनागरी शीर्षकाचे एक पान जतन करावे, एक लहान चित्र चढवावे, लॉग-आउट होऊन पुन्हा लॉग-इन व्हावे, आणि तीनही गोष्टी जमल्या की तपशील दाखवणारी ती ओळ आणि चाचणीच्या दोन्ही फायली काढून टाकाव्यात.